बॅच कुणाच्या खिशावर, स्टिअरिंग कुणाच्या हातात

पुण्यात रिक्षा चालवायची तर बॅच लागतो. लायसन्स, चारित्र्य पडताळणी, अर्ज, शुल्क, आणि मग खिशावर लावायचा तो बिल्ला. रिक्षावाल्याला त्याची कटकट वाटते, चौकातल्या पोलिसाला विचारायला तो बरा पडतो, आणि आपण प्रवासी त्याच्याकडे सहसा बघतही नाही. मोबाइलवरून कॅब बोलावली की मग तर बॅच हा विषयच डोक्यात येत नाही. स्क्रीनवर फोटो असतो, नाव असतं, गाडीचा नंबर असतो, ४.८ असं रेटिंग असतं. कुणीतरी सगळं बघून घेतलं असणार, असं धरून आपण मागच्या सीटवर बसतो आणि फोन काढतो. कुणी बघितलं, कधी बघितलं, हे विचारायची वेळ येते ती काहीतरी घडल्यावर.

आणि घडतं. २००७ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीला रात्रपाळीला न्यायला आलेल्या कॅबच्या चालकानेच साथीदाराला बरोबर घेऊन तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा खून केला. २००९ मध्ये खराडीतून घरी निघालेल्या संगणक अभियंता तरुणीचं अपहरण आणि खून झाला, त्यातला मुख्य आरोपीही कॅबचालकच होता. ही दोन्ही प्रकरणं ओला-उबर शहरात येण्याआधीची. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला, तेव्हा त्याच्यावर पूर्वीही तसाच गुन्हा दाखल झालेला होता आणि त्याच्याजवळचा चारित्र्याचा दाखला बनावट होता, हे उघड झालं. अशा प्रत्येक वेळी मागणी ठरलेली असते: चालकांचे नियम कडक करा. आणखी एक दाखला मागा, आणखी एक तपासणी घाला.

मागणी समजू शकते. मुलगी रात्री अकराला हिंजवडीहून निघते आणि घरी पोचेपर्यंत आई जागी असते, त्या घरात कुणी 'नियम सैल करा' म्हणणार नाही. पण माझं मत असं आहे की दारात अटी वाढवत नेल्या आणि दाराच्या आत कुणी बघितलंच नाही, तर त्यातून एकच गोष्ट नक्की वाढते: कागद भाड्याने देण्याचा धंदा. चालकाकडून मोजक्याच गोष्टी मागाव्यात, त्या गाडी रस्त्यावर असताना तपासाव्यात, आणि गाडी कुणी चालवायची हे ठरवण्याचा अधिकार कंपनीच्या अ‍ॅपकडून काढून सरकारी यंत्रणेकडे परत आणावा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती होईपर्यंत अ‍ॅपवाली कंपनी ही काय चीज आहे, हे कायद्याला ठाऊकच नव्हतं. त्या दुरुस्तीने कलम ९३ मध्ये 'अ‍ॅग्रिगेटर', म्हणजे अशी अ‍ॅपवाली कंपनी, आला आणि त्याला परवाना बंधनकारक झाला. परवान्याशिवाय धंदा केला तर दंड किमान २५ हजार आणि कमाल एक लाख रुपये. (एवढ्या रकमेने या कंपन्यांची झोप उडेल, असं ज्याने मानलं असेल त्याचा भाबडेपणा वाखाणण्याजोगा आहे.) मग २७ नोव्हेंबर २०२० ला केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चालकासाठीची यादी चांगली लांबलचक होती: दोन वर्षांचा अनुभव, पोलीस पडताळणी, डोळ्यांसकट वैद्यकीय तपासणी, गेल्या तीन वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेली नसावी, पाच दिवसांत ३० तासांचं प्रशिक्षण, आणि दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉगिन नको, तेही सगळ्या कंपन्या धरून. जुलै २०२५ मध्ये केंद्राने या सूचनांची नवी आवृत्ती काढली. पण या सूचनाच. परवाना द्यायचा राज्याने, आणि सूचना पाळायच्या की नाही हेही राज्यानेच ठरवायचं.

दुसरीकडे न्यायालय उलट दिशेने गेलं. हलक्या वाहनाचं साधं लायसन्स असलेल्या माणसाला प्रवासी गाडी चालवायला लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट'ची वेगळी नोंद लागते का, हा वाद वर्षानुवर्षं विमा कंपन्या लढवत होत्या, कारण नोंद नसली की भरपाई टाळता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की साडेसात टनांच्या आतल्या गाडीला ती लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. त्या निकालातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अशी नोंद नसलेल्या चालकांमुळे अपघात वाढतात, हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे कुणीच ठेवू शकलं नाही. म्हणजे इतकी वर्षं एक अट होती, तिच्यासाठी लाखो माणसं रांगेत उभी राहिली, एजंटांची घरं चालली, आणि तिचा उपयोग काय हे विचारल्यावर सगळे गप्प.

अशा अटी आणखीही आहेत. प्रवासी गाडीच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये केंद्राने काढली, आणि त्यामुळे आभाळ कोसळलं नाही. रिक्षा परमिटसाठी मराठीची सक्ती करणारं परिपत्रक राज्याने २०१६ मध्ये काढलं, ते २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. मराठीबद्दल मला प्रेम कमी नाही. पण पुण्यातल्या कॅबवाल्यांत लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरची पोरं किती आहेत हे रोज फिरणाऱ्याला सांगायला नको, त्यांना मराठीची परीक्षा कशाला? आणि ज्याला भाषा येत नाही तो धंद्यापुरती महिन्याभरात शिकतो. 'हाफ रिटर्न द्यावं लागेल' हे वाक्य कुठल्याही भाषेत सारखंच झोंबतं. रस्त्यांच्या माहितीचंही तसंच. पूर्वी स्टँडवरच्या रिक्षावाल्याला सदाशिव पेठेतला वाडा नावाने माहीत असायचा, हे कौतुकाचं होतं. आज मॅप आहे, आणि मॅप चुकला तर सीटमागून आपण आहोतच.

मग ठेवायचं काय? माझ्या हिशोबाने चारच गोष्टी. हा माणूस तोच आहे का. त्याच्यावर गंभीर गुन्हा आहे का. त्याला दिसतं का, गाडी चालवता येते का. आणि आज तो किती तास जागा आहे. यातल्या दोन गोष्टी एकदा तपासून भागत नाही, कारण त्या रोज बदलतात. आपली सगळी यंत्रणा मात्र एकदाच तपासण्यासाठी बनलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात खराडीहून कोथरूडला येत होतो. गाडीचा नंबर जुळला, ओटीपी जुळला, फोटो जुळेना. फोटोत चाळिशीचा, दाढीवाला, भरल्या अंगाचा माणूस; स्टिअरिंगवर बावीस-तेवीसचा काटकुळा पोरगा. येरवड्याच्या सिग्नलला विचारलं, "काय रे, फोटो दुसराच दिसतोय?" तो जराही गडबडला नाही. "दाजींची आयडी आहे, काका. माझी कागदं अजून व्हेरिफिकेशनलाच पडलीत." मग अ‍ॅप सेल्फी मागतं तेव्हा? "सकाळी लॉगिनला मागतं ना. दाजी तोंड दाखवतात, मी गाडी काढतो." दिवसभरात पुन्हा मागितली तर? "मग बंद ठेवायचं, घरी यायचं, दाखवायचं." दाजींना रोजचे किती द्यायचे तेही त्याने सांगितलं, आणि गाडी तिसऱ्याचीच, तिचं भाडं वेगळं. पोरगा गाडी छान चालवत होता. खड्डा दिसला की आधीच सावकाश घेत होता, हॉर्न वाजवत नव्हता. मी त्याला पाच स्टार दिले. ते दाजींच्या खात्यात जमा झाले.

आता या प्रसंगात कुठली अट मोडली? सगळ्याच पाळल्या गेल्या होत्या, दाजींनी. त्यांची पडताळणी झालेली, त्यांचे डोळे तपासलेले, त्यांना अनुभव दोन वर्षांहून जास्त. फक्त ते गाडीत नव्हते.

हे नवीन नाही, आणि पुण्याला तर मुळीच नाही. राज्यात १९९७ पासून २०१७ पर्यंत नवीन रिक्षा परमिटं बंद होती. वीस वर्षं. शहर कितीतरी पसरलं, हडपसरच्या पुढे गेलं, बाणेर-बालेवाडीत घुसलं, आणि परमिटं तेवढीच. झालं काय? परमिट एकाचं, रिक्षा दुसऱ्याची, चालवणारा तिसरा. परमिटवाला महिन्याचे पैसे घ्यायचा आणि कधी रिक्षात बसायचाही नाही. चालवणारा दिवसाचं भाडं भरून उरलं तर घरी न्यायचा. कागद दुर्मिळ केला की कागदाला किंमत येते, आणि किंमत आली की तो भाड्याने जातो. परमिटचं जे झालं तेच आता आयडीचं चाललंय. चालकाला आयडी मिळायला जेवढे जास्त दिवस लागतील, जेवढे जास्त दाखले लागतील, तेवढा दाजींचा रोजचा दर वाढेल.

लंडनने ही गोष्ट आपल्याआधी अनुभवली. तिथे भाड्याच्या गाडीला तीन परवाने लागतात: कंपनीचा, चालकाचा, गाडीचा. नियम कडक, तपासणी कडक. तरीही २०१९ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाला आढळलं की परवानगी नसलेल्या माणसांनी दुसऱ्या चालकांच्या उबर खात्यांवर स्वतःचे फोटो चढवले होते आणि अशा किमान १४ हजार फेऱ्या झाल्या होत्या. त्यांना विम्याचं संरक्षण नव्हतं. प्राधिकरणाने काय केलं? चालकांवर नवीन अटी लादल्या नाहीत. कंपनीचा परवानाच नाकारला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो दिला, पण १८ महिन्यांपुरता, आणि तोवर कंपनीला आपली पद्धत बदलावी लागली होती.

आपल्याकडे हीच जागा सर्वांत ढिली आहे. पुण्यात काय काय झालं ते आठवून बघा. २८ नोव्हेंबर २०२२ ला बाइक टॅक्सीविरुद्ध रिक्षावाल्यांनी संगम पुलाजवळच्या आरटीओसमोर रिक्षा लावून रस्ता अडवला. डिसेंबरात रॅपिडो या बाइक टॅक्सी कंपनीचा परवान्याचा अर्ज पुण्यात फेटाळला गेला. १३ जानेवारी २०२३ ला उच्च न्यायालयाने विचारलं की परवाना नसताना सेवा चालते कशी, आणि रॅपिडोला राज्यातली सगळी सेवा थांबवायला लागली. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. मार्च २०२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे चारचाकीचे अर्जही नाकारले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमाननगरात उभं राहून कॅब बोलावली असती तर ती आली असती. नेहमीसारखी.

म्हणजे चित्र असं: चालकाकडे लायसन्स हवं, बॅच हवा, परमिट हवं, फिटनेस हवा, विमा हवा, पीयूसी हवी, यातलं एक जरी संपलं तर चौकात गाडी बाजूला. त्याला काम देणाऱ्या, त्याचं भाडं ठरवणाऱ्या, त्याचं खातं मनात येईल तेव्हा बंद करणाऱ्या कंपनीला मात्र परवाना नाकारला तरी धंदा चालू. केंद्राच्या सूचनांत कंपनीच्या परवान्याचं शुल्क आहे पाच लाख रुपये, आणि मुदत पाच वर्षं. हजारो गाड्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीला वर्षाला एक लाख. एका गाडीचा वर्षाचा विमा आणि बँकेचा हप्ता यांच्याशी तुलना करून बघा, म्हणजे परवान्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे ते कळेल.

दराचा आणि परवान्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. फार जवळचा आहे. पुण्याच्या प्राधिकरणाने वातानुकूलित कॅबचा दर ठरवला आहे: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे किलोमीटरला २५. दहा किलोमीटरचे साधारण २५० रुपये होतात. रिक्षाचा दर सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्याला २५ आणि पुढे १७, म्हणजे त्याच अंतराला १७० च्या आसपास. आता दुपारी अ‍ॅपवर कॅबचं भाडं बघा. कित्येकदा ते कॅबच्या दरापेक्षा रिक्षाच्या दराच्या जवळ असतं, आणि त्यातून कंपनीचा वाटा जातो. २०२० च्या सूचना म्हणतात की भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा चालकाला मिळावा. पण मुळात भाडंच खाली आणलं तर ८० टक्के कशाचे? मग चालक काय करतो? तास वाढवतो. एका अ‍ॅपने बाराव्या तासाला लॉगआउट केलं तर दुसरं उघडतो. २०२० च्या सूचनांमध्ये 'सगळ्या कंपन्या धरून १२ तास' असं लिहिलंय खरं, पण एका कंपनीचे तास दुसरीला कळतील अशी सोय कुणी उभी केली? पहाटे चारला लोहगावहून बसलेल्या प्रवाशाने आरशात चालकाचे डोळे बघावेत, एवढाच उपाय सध्या उपलब्ध आहे.

२०२५ च्या मे महिन्यापासून पुण्यातल्या कॅबवाल्यांनी स्वतःच एक वाट काढली. चालक संघटनेच्या पुढाकाराने 'ओन्लीमीटर' नावाचं संकेतस्थळ सुरू झालं, आणि अ‍ॅपवरचं भाडं काही असो, सरकारी दराने हिशोब करून पैसे द्या, असं चालक प्रवाशांना सांगू लागले. यावर पुणेकरांची चिडचिड मी ऐकली आहे, बऱ्याच वेळा स्वतःही केली आहे: बुक करताना १८०, उतरताना २५०, हा काय प्रकार? चिडचिड रास्त आहे. पण ज्या दराला सरकारी मान्यता आहे तो मागणारा चालक 'लुटारू' आणि ज्या कंपनीचा परवाना नाकारला गेला तिने दाखवलेला आकडा 'खरा', असा हिशोब आपण सहज करतो, हेही बघण्यासारखं आहे.

आता आयडी बंद होण्याबद्दल. प्रवाशाने तक्रार केली, रेटिंग घसरलं किंवा यंत्राला संशय आला की कंपनी चालकाचं खातं बंद करते. चालकांच्या भाषेत 'आयडी उडाली'. कारण कळत नाही, दाद मागायला ऑफिस नाही, असलं तर तिथल्या माणसाच्या हातात काही नाही. हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. ज्याची आयडी खरोखरच गंभीर कारणाने, समजा महिला प्रवाशाशी गैरवर्तन केल्यामुळे, उडवली गेली, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडे जातो. पहिल्या कंपनीला जे कळलं ते दुसरीला कळत नाही आणि आरटीओला तर नाहीच. निरपराध माणसाची रोजीरोटी जाते आणि अपराधी फक्त अ‍ॅप बदलतो. दोन्ही एकाच कारणाने होतं: गाडी कुणी चालवायची हा निर्णय खासगी झाला आहे.

म्हणून बॅच हवा. जुन्या अर्थाने, खिशावर मिरवायला किंवा चौकात दाखवायला नको. चालकाचा एकच सरकारी नंबर असावा, आरटीओने दिलेला, त्याच्या नावावर कायमचा. कुठलीही कंपनी असो, आयडी त्या नंबरला जोडूनच उघडली जावी. चालकाने कंपनी बदलली तरी नंबर तोच, त्याची वर्षं, त्याचा रेकॉर्ड, त्याचे तास त्या नंबरवर. आज दुपारी तीनपर्यंत या नंबरवर सगळी अ‍ॅप्स मिळून नऊ तास झाले, एवढं कळायला काही रॉकेट उडवायचं नाही. लायसन्सची नोंद 'सारथी'त आहे, गाड्यांची 'वाहन'मध्ये आहे. जोडायचंय ते कंपन्यांचं लॉगिन. गंभीर गुन्हा दाखल झाला की पोलिसांनी आरटीओला कळवायचं, नंबर स्थगित, सगळ्या अ‍ॅपवर एकाच वेळी. आणि कंपनीला कुणाला काढायचं असेल तर कारण लेखी द्यायचं आणि ते त्या नंबरवर नोंदवायचं, म्हणजे चालकाला दाद मागायला जागा मिळेल.

असा नंबर मिळायला सोपा हवा. चारित्र्य पडताळणी ठरलेल्या दिवसांत झालीच पाहिजे. उशीर पोलिसांकडून झाला तर त्याचा भुर्दंड उमेदवाराला नको, तात्पुरता नंबर द्यावा, फक्त दिवसाच्या वेळेसाठी. त्या खराडीच्या पोराला असा नंबर मिळाला असता तर त्याला दाजी लागले नसते. गाडी चालवण्याची परीक्षा मात्र खरी हवी. भोसरीच्या ट्रॅकवर चारचाकीची चाचणी होते आणि तिथे नापास होणारे असतात, हे मला त्या व्यवस्थेचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र वाटतं. प्रवासी गाडीसाठी तिथेच एक जास्तीची फेरी घ्या: चढावर थांबून गाडी उचलणं, मागच्या सीटवर माणूस असताना ब्रेक मारणं, दार उघडण्याआधी मागे बघणं. ३० तासांच्या प्रशिक्षणाच्या ऐवजी मी ही अर्ध्या तासाची चाचणी घेईन.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला रिक्षा संघटनांचा: नंबर सोपा केलात तर गाड्या वाढतील, आमच्या पोटावर पाय. २०१७ नंतर परमिटं खुली झाली आणि रिक्षा भराभर वाढल्या, स्टँडवर उभं राहायला जागा नाही, हे खरंच आहे. पण गाड्यांची संख्या हा रस्त्याचा आणि धंद्याचा प्रश्न आहे. ती मर्यादित करायची तर गाड्यांच्या परमिटवर करा, उघडपणे, कारण देऊन. माणसाच्या पात्रतेच्या आडून करू नका. तसं केलं की काय होतं ते वीस वर्षं बघितलंय.

दुसरा आक्षेप सरकारबद्दलच्या अविश्वासाचा, आणि तो मला जास्त जड वाटतो. ज्या खात्याच्या दारात एजंटाशिवाय काम होतं असं सांगणारा माणूस अजून भेटायचाय, त्या खात्याच्या हातात चालकांचे तास आणि रेकॉर्ड द्यायचं? कंपनी निदान सेल्फी तरी मागते! आहे खरं. पण आरटीओच्या निर्णयावर अपील करता येतं, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो, आमदाराला धरता येतं, न्यायालयात जाता येतं. कंपनीच्या यंत्राने घेतलेल्या निर्णयावर यातलं काय करता येतं? अमेरिकेत ऑस्टिन शहराने चालकांचे बोटांचे ठसे तपासायचं ठरवलं, तेव्हा उबर आणि 'लिफ्ट' या कंपन्यांनी लाखो डॉलर खर्चून विरोधात प्रचार केला. मे २०१६ च्या मतदानात शहराच्या बाजूने कौल गेला, तर दोन्ही कंपन्या शहर सोडून गेल्या. पुढच्या वर्षी टेक्सास राज्याने स्वतःचा कायदा करून शहराचा नियम निष्प्रभ केला आणि त्या परत आल्या. बोटांचे ठसे चांगले की वाईट यात मी पडत नाही. कोण तपासणार आणि कुणाच्या नियमाने, यावर कंपन्या किती पैसा लावायला तयार असतात एवढंच त्यातून दिसतं.

पुण्यात करायला फार मोठं काही नको. राज्याने २०२५ मध्ये अ‍ॅप कंपन्यांसाठी धोरण आणलं, बाइक टॅक्सीचे नियम केले, त्यात फक्त विजेवरच्या दुचाकींना वाट दिली. नियम होत आहेत. पुढच्या वेळी एखादी कंपनी प्राधिकरणापुढे परवान्याचा अर्ज घेऊन येईल, तेव्हा तिला तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या महिन्यात तुमच्या किती लॉगिनमध्ये चेहरा जुळला नाही आणि त्यांचं काय केलंत? किती चालकांनी तुमच्या अ‍ॅपवर दिवसात १२ तासांपेक्षा जास्त गाडी चालवली? किती आयडी बंद केल्यात, कुठल्या कारणाने, आणि त्यातले किती चालक आज दुसऱ्या अ‍ॅपवर आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक कंपनीच्या सर्व्हरमध्ये आत्ताच पडलेली आहेत. तिसऱ्याचा शेवटचा भाग मात्र एकट्या कंपनीला सांगताच येणार नाही, आणि तो सांगता यावा म्हणूनच चालकाचा नंबर आरटीओचा हवा.

उत्तरं मिळेपर्यंत परवाना देऊ नये. आणि परवाना नसताना गाड्या धावल्या तर दंडाची पावती कंपनीच्या नावाने फाडावी, येरवड्याच्या सिग्नलवरच्या पोराच्या नावाने नको.